रेड-5 वर ट्रिम सुरू करण्याआधी एसएसडी कशा पारखून घ्याव्यात

लिनक्सच्या मशीनवर एसएसडींची रेड-5 किंवा रेड-6 अ‍ॅरे, म्हणजे एखादी डिस्क मेली तरी मजकूर वाचावा म्हणून एकत्र बांधलेला डिस्कचा संच, चालवत असाल, तर आधी एक गोष्ट बघून घ्या: तुमच्या अ‍ॅरेवर ट्रिम, म्हणजे कुठली जागा मोकळी झाली हे डिस्कला कळवणं, बहुधा बंद आहे. हे कळवणाऱ्या एफएसट्रिम कमांडचा टायमर दर आठवड्याला वेळेवर धावतो, लॉगमध्ये कुठेही चूक दिसत नाही, आणि तरी खालच्या डिस्कपर्यंत काहीही पोचत नाही. टायमरला सांगितलेलंच असतं की जिथे ट्रिम चालत नाही तिथे गप्प राहा. तीच कमांड हाताने चालवली की मग सांगते, इथे डिस्कार्डची, म्हणजे ट्रिमचीच, सोय नाही.

हे कुणाच्या नजरेतून सुटलेलं नाही. लिनक्समधलं सॉफ्टवेअर रेड, म्हणजे एमडी, तेव्हा नील ब्राउन सांभाळत होते. 2014 मध्ये त्यांनी रेड-4, 5 आणि 6 साठी ट्रिम मुद्दाम बंद करून ठेवलं आणि ते सुरू करायची एक किल्ली तुमच्या-माझ्या हातात दिली. किल्लीच्या नावाचा अर्थच असा आहे की 'माझ्या डिस्क डिस्कार्ड नीट हाताळतात, याची हमी मी देतो'. ही हमी कशाच्या जोरावर द्यायची, ते या लेखात सांगते.

मी सांगली-मिरज भागातल्या लहान स्टुडिओंचे आणि पॅथॉलॉजी लॅबचे सर्व्हर सांभाळते. लग्नाचं शूटिंग कार्डवरून उतरवलं की कार्ड पुसून दुसऱ्या दिवशी पुढच्या कार्यालयात जातं. एडिटिंग होईपर्यंत त्या लग्नाची एकमेव प्रत अ‍ॅरेवर असते, आणि लग्न काही परत लागत नाही. 'इंटरनेटवर सगळे सुरू करतात म्हणून आपणही करू' हे मला त्यामुळेच मान्य नाही.

एक सूचना: कमांडची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना ती रोमन अक्षरांतच टाका.

डिस्क शब्दाला जागते म्हणजे काय

एसएसडीच्या आत पान लिहिता येतं, पण खोडता येतो तो अख्खा ब्लॉक. पान काही किलोबाइटचं, ब्लॉक कित्येक मेगाबाइटचा. फाइल सिस्टीमने फाइल उडवली तरी डिस्कला ते कळत नाही. तो मजकूर अजून हवाच आहे असं समजून ती तो एका ब्लॉकमधून दुसऱ्यात हलवत बसते. लिहिणं मंदावतं आणि फ्लॅश विनाकारण झिजतो. ट्रिम म्हणजे 'या पत्त्यांवरचा मजकूर आता नको' हा निरोप. साटा जोडणीच्या डिस्कवर तो याद्यांनी जातो: यादीतल्या एका नोंदीत जास्तीत जास्त 65,535 सेक्टर, आणि 512 बाइटच्या एका ब्लॉकमध्ये अशा 64 नोंदी. एका ब्लॉकभर निरोपात जवळपास 2 जीबी मोकळं सांगता येतं.

अडचण अशी की हा निरोप आहे, हुकूम नाही. डिस्कने तो पूर्ण पाळावा, अर्धा पाळावा की सोडून द्यावा, हे मानकाने तिच्यावरच सोडलंय. सोडून दिला तरी ती 'झालं' असंच कळवते. डिस्कच्या माहितीत 'ट्रिमनंतर वाचल्यास ठरावीकच उत्तर' आणि 'ट्रिमनंतर वाचल्यास शून्यच' असे दोन दावे असू शकतात. पण तेही ट्रिम खरोखर पार पडलं असेल तरच लागू. डिस्कने निरोपातला एखादा तुकडा गाळला, तर त्या तुकड्याबद्दल दावा काहीच बोलत नाही. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, म्हणूनच एक वेगळी यादी ठेवली आहे, ट्रिमनंतर भरवशाने शून्य देणाऱ्या डिस्कची. इंटेल, मायक्रॉन, क्रुशल, सॅमसंग, सीगेट यांची बरीच मॉडेलं त्यात आहेत. इंटेलच्याच 510 ला मात्र नाव घेऊन वगळलंय, कारण तिचा शून्याचा दावा सदोष निघाला. सुपरस्पीड एस238 या डिस्कला तर कर्नल ट्रिम पाठवतच नाही.

साध्या डिस्कवर, म्हणजे एकट्या एसएसडीवर ईएक्सटी4 ही फाइल सिस्टीम असेल, तर निरोप गाळल्याने फारसं बिघडत नाही. तो मजकूर कुणालाच नको होता. रेड-5 मध्ये बिघडतं, आणि ते कसं हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पटत नाही.

तीन डेटा डिस्क आणि एक पॅरिटी घ्या. पॅरिटी म्हणजे डेटाचा एक्सॉर (बिट वेगळे असतील तर 1, सारखे असतील तर 0); एक डिस्क गेली तर तिचा मजकूर पॅरिटी आणि उरलेल्या डिस्कवरून परत काढता येतो. अख्खी स्ट्राइप, म्हणजे चारही डिस्कवरचा समोरासमोरचा पट्टा, ट्रिम झाली की एमडी धरून चालतं की चारही जागी आता 0 आहे, आणि शून्यांची पॅरिटी शून्यच, म्हणजे हिशोब जुळलेला. पण दुसऱ्या डिस्कने निरोप गाळला आणि तिथे जुना 5 तसाच राहिला, असं समजा. आता तुम्ही पहिल्या डिस्कवर 9 लिहिलात. एमडीने जुनी पॅरिटी, जुना डेटा आणि नवा डेटा एवढंच घेऊन नवी पॅरिटी काढली, तर 0, 0 आणि 9 यांचा एक्सॉर 9 येतो. खरी पॅरिटी हवी होती 9 आणि 5 यांचा एक्सॉर, म्हणजे 12. तोवर सगळं सुरळीत दिसतं. फाइल उघडते, 9 वाचता येतो. मग एके दिवशी पहिली डिस्क मरते. एमडी उरलेल्यांवरून तिचा मजकूर परत घडवतं: 5, 0 आणि 9 यांचा एक्सॉर 12. तुमच्या 9 च्या जागी 12. न पुसल्या गेलेल्या कचऱ्याने जिवंत फाइल खाल्ली, आणि तीही ज्या दिवशी रेडची गरज पडली त्याच दिवशी.

आधी माहिती गोळा करा

एलएसबीएलके ही कमांड --डिस्कार्ड लावून चालवा. 'डिस्क-ग्रॅन' आणि 'डिस्क-मॅक्स' या रकान्यांत शून्य दिसलं, तर त्या थरापर्यंत ट्रिम पोचत नाही. डिस्कला आकडा दिसतो आणि वरच्या एमडीला शून्य, असं चित्र असेल तर ते वर सांगितलेल्या कुलपामुळे. डिस्कलाच शून्य असेल, तर मधलं रेड कार्ड किंवा यूएसबीचा डबा निरोप अडवतोय. यूएसबीच्या डब्यात ट्रिम जबरदस्तीने चालू करायचे उपाय सापडतात. अ‍ॅरेसाठी मी ते वापरत नाही, तुम्हीही वापरू नका. त्याच तक्त्यातल्या 'डिस्क-झिरो' रकान्यावरून काहीही ठरवू नका. 2017 च्या 4.12 कर्नलपासून तिथे कायम 0 येतो.

मग प्रत्येक डिस्कवर एचडीपार्म, मोठ्या अक्षरातल्या -आय सह. मॉडेल, फर्मवेअरची (डिस्कच्या आतल्या प्रोग्रामची) आवृत्ती आणि ट्रिमच्या ओळी वहीत उतरवा. फर्मवेअर मी मुद्दाम लिहायला सांगतेय: एकाच मॉडेलच्या दोन डिस्क, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या, वेगळ्या फर्मवेअरच्या निघू शकतात. साटाऐवजी एनव्हीएमई जोडणीची डिस्क असेल तर एनव्हीएमई कमांडने नेमस्पेसची माहिती मागवा आणि 'डीएलफीट' हे खातं बघा. त्याच्या शेवटच्या तीन बिटांत 1 असेल तर मोकळ्या केलेल्या जागी शून्य वाचायला मिळेल असा दावा आहे, 2 असेल तर सगळे एफएफ, आणि 0 असेल तर डिस्कने काहीच कबूल केलेलं नाही. 1 सोडून बाकी कशावरही पॅरिटीच्या अ‍ॅरेत ट्रिम सुरू करू नका.

कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या डीमेसगमध्ये 'डिसेबलिंग क्यूड ट्रिम सपोर्ट' अशी ओळ दिसली तर घाबरू नका. काही डिस्क ट्रिमचा निरोप बाकीच्या कामांच्या रांगेत घेताना गडबडतात. मायक्रॉन आणि क्रुशलची एम500 सारखी मॉडेलं, सॅमसंगची 840 आणि 850, आणि 2021 मध्ये त्यात भर पडलेली 860 आणि 870. कर्नल त्यांना तो निरोप रांगेबाहेर, एकेक करून देतो. ती ओळ म्हणजे कर्नलने तुमची काळजी घेतल्याची खूण. यासाठी कर्नल जुना ठेवू नका.

एकेका डिस्कची परीक्षा

ही परीक्षा डिस्कवरचं सगळं पुसते. अ‍ॅरे बांधण्याआधी, कोऱ्या डिस्कवरच करा. कमांडमध्ये डिस्कचं नाव टाकताना ते अनुक्रमांकावरून घ्या. एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलतात.

श्रेड कमांडने, एकाच फेरीत, डिस्क आधी काठोकाठ भरा. ही पायरी गाळली तर परीक्षेला अर्थच उरत नाही, कारण नवी डिस्क ट्रिमशिवायही शून्यच दाखवते. भरून झाल्यावर बीएलकेडिस्कार्डने अख्खी डिस्क मोकळी सांगा आणि सीएमपी कमांडने ती /डेव्ह/झिरोशी ताडून बघा. डिस्क संपली एवढंच सांगून सीएमपी थांबली, तर सगळीकडे शून्य आहे. 'अमुक बाइटला फरक' असं आलं तर डिस्क नापास. तिथेच थांबा.

पास झाली तर मशीन बंद करून वीज तोडा. नुसतं रीबूट नव्हे, पॉवर सप्लायची वायर काढायची. थोड्या वेळाने पुन्हा लावून तीच तुलना करा. डिस्क मॅपिंगचा तक्ता चालू असताना डीरॅममध्ये ठेवते, आणि तो फ्लॅशवर नीट उतरला का हे वीज गेल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते, तेव्हा ही पायरी मी कधीच सोडत नाही. यूपीएस असला तरी.

अख्खी डिस्क एका दमात मोकळी करणं हा सोपा पेपर. खरा पेपर तुकड्यांचा. डिस्क पुन्हा भरा. पहिल्या 8 जीबीची प्रत डीडीने दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. आता लहानसं स्क्रिप्ट लिहा: त्या 8 जीबीत, तुमच्या अ‍ॅरेचा चंक (एका डिस्कवर सलग जाणारा भाग) जेवढा असेल तेवढ्या मापाचा (एमडीत तो मूळचा 512 केबी असतो) एक तुकडा बीएलकेडिस्कार्डने मोकळा, पुढचा तसाच, पुन्हा एक मोकळा. हे चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमधून डिस्कच्या दुसऱ्या टोकाला एफआयओ या चाचणीच्या कमांडने सतत लिहीत राहा. डिस्कने निरोप गाळायचा ठरवला, तर तो हात रिकामे असताना नव्हे, कामाच्या गर्दीत गाळेल.

मग दोन गोष्टी तपासा. मोकळे तुकडे पूर्ण शून्य आहेत का, आणि ठेवलेले तुकडे प्रतीशी बाइटनबाइट जुळतात का. वाचताना डीडीला आयफ्लॅग=डायरेक्ट द्या, नाहीतर उत्तर डिस्कऐवजी मेमरीतून येईल. वीज तोडून हेच परत करा. दुसरी तपासणी पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. निरोप गाळणारी डिस्क पॅरिटी बिघडवते, पण न सांगितलेली जागा पुसणारी डिस्क कुठल्याच मशीनमध्ये ठेवायच्या लायकीची नाही. ती परत करा.

तुकडा आणखी लहान केला, 12 केबीसारखा, तर बऱ्यापैकी चांगली डिस्कही त्याच्या कडा सोडून देऊ शकते. ते टिपून ठेवा, पण त्यावरून नापास करू नका. रेड-5 मध्ये एमडी पूर्ण स्ट्राइपच्या मापाचंच ट्रिम खाली पाठवतं.

मग अख्ख्या साखळीची

प्रत्येक डिस्क सुटी पास झाली म्हणून अ‍ॅरे पास होत नाही. 2015 मध्ये अल्गोलिया या सर्च कंपनीच्या सर्व्हरवर फायलींचे तुकडे आपोआप शून्य व्हायला लागले. संशय सॅमसंगच्या एसएसडींवर आणि त्यांच्या ट्रिमवर गेला, जगभर बोभाटा झाला. सॅमसंगच्या अभियंत्यांनी तीच मांडणी उभी करून शोध घेतला, तेव्हा दोष लिनक्सच्या कर्नलमध्ये निघाला: रेडच्या थरात डिस्कार्डची विनंती तोडून वाटताना पत्ते चुकत होते. डिस्क बिचारी सांगितलेलं पुसत होती. फाइल सिस्टीम, एमडी, कंट्रोलर, केबल, फर्मवेअर हे सगळं जसं वापरणार तसंच जोडून परीक्षा घ्यायची, ती याचसाठी.

आता किल्ली लावा. /ईटीसी/मॉडप्रोब.डी या फोल्डरमध्ये एक फाइल करून तिच्यात ही ओळ टाका: ऑप्शन्स रेड456 डिव्हायसेस_हँडल_डिस्कार्ड_सेफली=वाय. डेबियन-उबुंटूवर अपडेट-इनिटरॅमएफएस -यू, फेडोरावर ड्रॅकट -एफ चालवून बूट होताना लागणारी इनिटरॅमएफएस फाइल नव्याने बनवा आणि रीबूट करा. /सिस/मॉड्यूल/रेड456/पॅरामीटर्समधल्या त्याच नावाच्या फाइलमध्ये वाय दिसायला हवं, आणि एलएसबीएलकेच्या तक्त्यात एमडीसमोर शून्याऐवजी आकडा.

अ‍ॅरे बांधताना एक मोह टाळा. 'सगळ्या डिस्क बीएलकेडिस्कार्ड केल्यात, म्हणजे सगळीकडे शून्यच, मग --अझ्युम-क्लीन देऊन पॅरिटीची पहिली जुळणी वाचवू' असा सल्ला सर्रास दिला जातो. सीएमपीने प्रत्येक डिस्क तपासली नसेल तर तो सल्ला म्हणजे डिस्कच्या शब्दावर आंधळा विश्वास. जुळणी होऊ द्या. रात्रभर चालली तरी चालेल.

त्यावर फाइल सिस्टीम घाला, मोठ्या-लहान फायलींनी जवळजवळ भरा आणि सगळ्यांचे शा256 (फाइलचा ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) काढून यादी दुसऱ्या मशीनवर ठेवा. एक सोडून एक फाइल उडवा. एफएसट्रिम -व्ही चालवा. ईएक्सटी4 वर लगेच दुसऱ्यांदा चालवली तर 0 बाइट सांगते. ती बिघाडाची खूण नाही, आधी कळवलेले गट तिच्या लक्षात असतात. आता मोकळ्या झालेल्या जागेत पुष्कळ बारीक फायली लिहा, काही किलोबाइटच्या, आणि त्यांचेही शा256 यादीत घाला. या बारीक फायलींनीच अर्धवट स्ट्राइप लिहिल्या जातात आणि वरच्या उदाहरणातला 9 आणि 12 चा घोटाळा असेल तर उघडा पडतो.

इथे एक खाच आहे. तीन किंवा चार डिस्कच्या रेड-5 वर बारीक लिखाण आलं, की एमडी मूळच्या सेटिंगमध्ये शेजारच्या डिस्क वाचून पॅरिटी नव्याने काढतं. जुनी पॅरिटी वापरतच नाही, त्यामुळे चुकीची पॅरिटी तिथे झाकली जाऊ शकते. पाच डिस्क झाल्या की हिशोब उलटतो आणि जुन्या पॅरिटीचा मार्ग स्वस्त पडतो. चार डिस्कवर परीक्षा घेत असाल तर अ‍ॅरेच्या एमडी फोल्डरमधल्या आरएमडब्ल्यू_लेव्हलमध्ये 2 लिहा, म्हणजे बरोबरी झाली की एमडी जुन्या पॅरिटीकडे वळेल. तीन डिस्कवर तेही पुरत नाही.

मशीन बंद करा, वीज तोडा, परत चालू करा. अ‍ॅरेच्या एमडी फोल्डरमधल्या सिंक_अ‍ॅक्शनमध्ये 'चेक' लिहून तपासणी लावा आणि संपल्यावर मिसमॅच_सीएनटी, म्हणजे न जुळलेल्या जागेचा आकडा, वाचा. रेड-5 आणि 6 वर मला तिथे 0 च हवं. रेड-1 किंवा 10 वर, जिथे पॅरिटी नसून मजकुराची जोडप्रत असते, ट्रिम केलेल्या मोकळ्या जागेमुळे आकडा येऊ शकतो, कारण दोन जोडीदार डिस्क मोकळ्या जागेत वेगवेगळं काही दाखवू शकतात. पॅरिटीच्या अ‍ॅरेत ही सबब चालत नाही.

शेवटचा आणि निर्णायक भाग: अ‍ॅरे सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडम कमांडने एक डिस्क फेल करा आणि त्या लंगड्या अ‍ॅरेवर सगळे शा256 पुन्हा ताडा. जुळले तर डिस्क काढा, परत जोडा, पुनर्बांधणी पूर्ण होऊ द्या, आणि पुढची डिस्क घ्या. प्रत्येक डिस्क एकदा 'मेली' पाहिजे. कंटाळवाणं आहे, दोन-तीन दिवस सहज जातात, आणि गिऱ्हाईक विचारतं की सर्व्हर अजून का आला नाही. मी त्यांना स्पष्ट सांगते की मला हे दिवस लागतातच.

नापास झाली तर

एक फाइल जरी जुळली नाही तरी ती ओळ काढून टाका आणि ट्रिम बंदच ठेवा. आकाश कोसळत नाही. अ‍ॅरे पुन्हा बांधताना प्रत्येक कोऱ्या, पूर्ण पुसलेल्या डिस्कचा शेवटचा दहा-पंधरा टक्के भाग पार्टिशनबाहेर सोडा आणि त्याला कधीही हात लावू नका. डिस्कला आतल्या हलवाहलवीसाठी तेवढी कायमची मोकळी जागा मिळते. स्टुडिओच्या कामात, जिथे मोठ्या फायली सलग लिहिल्या जातात आणि काम झाल्यावर सलग उडवल्या जातात, तिथे एवढ्यावर वेग चांगला टिकलेला मी पाहिला आहे. चारच डिस्क असतील तर मी रेड-5 ऐवजी रेड-10 सुचवते. तिथे ट्रिमला पॅरिटीचा धोकाच नाही, जागा कमी मिळते एवढंच.

पास झाली तरी फाइल उडवताच ट्रिम करणारा माउंटचा डिस्कार्ड पर्याय लावू नका, आठवड्याचा एफएसट्रिम पुरे. पॅरिटीच्या अ‍ॅरेवर ते काम हळू होतं, रविवारी पहाटे ठेवा. मधे लुक्सचा, म्हणजे एन्क्रिप्शनचा, थर असेल तर क्रिप्टटॅबमध्ये डिस्कार्डची परवानगी वेगळी द्यावी लागते. त्यामुळे कुठली जागा वापरात आहे आणि कुठली नाही हे डिस्क हाती लागलेल्याला दिसू शकतं, हे समजून द्या. आणि लॅबवाल्यांसाठी: पेशंटचे रिपोर्ट उडवून ट्रिम केलं म्हणजे ते नष्ट झाले असं कधीही धरू नका. जो निरोप पाळायचं बंधन डिस्कवर नाही, त्याच्यावर कुणाची गोपनीयता सोपवता येत नाही. तिथे पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन हवं.

डेबियनवर महिन्याच्या पहिल्या रविवारी अ‍ॅरेची तपासणी आपोआप होते. त्याच आठवड्यात मिसमॅचचा आकडा वाचून वहीत लिहा. ज्या मॉडेल आणि फर्मवेअरवर परीक्षा झाली ते कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. एखादी डिस्क मेली आणि बाजारात तेच मॉडेल मिळालं नाही, तर नवी लावण्याआधी ट्रिमची ओळ काढा, इनिटरॅमएफएस नव्याने बनवा, रीबूट करा आणि मगच डिस्क जोडा. नवीन डिस्कची सुटी परीक्षा होईपर्यंत ओळ परत टाकू नका. फर्मवेअर अपडेट केलं तरी हाच क्रम.